रविवारची रिकामी दोरी

बासष्ट सालच्या ऑक्टोबरात एका बुधवारी सकाळी मी शेगडीतली राख टाकायला मागच्या दारी गेले, सवयीने खाडीकडे पाहिलं, आणि बादली हातात तशीच राहिली. खाडी रिकामी होती.

दीड वर्ष अमेरिकन आरमाराचं ते राखाडी जहाज आमच्या समोर नांगर टाकून उभं होतं. गावातल्या कुठल्याही खिडकीतून दिसायचं. त्याच्या कुशीला पाणबुड्या लागलेल्या असायच्या, कुत्रीला पिल्लं बिलगतात तशा, आणि त्या पिल्लांच्या पोटात अणुबाँब आहेत हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. जहाज आलं तेव्हा ते जावं म्हणून मी देवाजवळ मागितलं होतं. आता ते गेलं, तर ते परत यावं म्हणून मागत उभी राहिले.

रेडिओवर क्युबाचं चाललं होतं. रशियनांनी तिथे अण्वस्त्रं नेऊन ठेवली होती, अमेरिकनांनी समुद्र अडवला होता, आणि दोघांतला कोणीच मागे सरकायला तयार नव्हता. रशियनांनी नकाशा पुढे घेतलाच, तर पहिलं बोट आमच्या खाडीवर पडणार, हे कळायला सेनापती असावं लागत नव्हतं.

बेकरीच्या रांगेत त्या दिवशी चौदा बायका होत्या. सगळ्यांच्या पाठी मुद्दाम खाडीकडे.

"वारा पडलाय आज," एकजण म्हणाली.

"हो. पडलाय खरा."

"कपडे वाळायला वेळ लागेल."

आमच्या स्कॉटलंडात माणूस घाबरला की हवापाण्यावर बोलतो. जास्त घाबरला की तेही बोलत नाही.

मी मर्डीना मॅकास्किल. तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होते. नवरा मागच्या युद्धात जहाजाबरोबर बुडाला. मुलगी कर्स्टी ग्लासगोच्या इस्पितळात नर्स. तिचा नवरा कॅनडाला गेला तो गेलाच, म्हणून तिची मुलगी फ्लोरा, सात वर्षांची, माझ्याजवळ राहायची. आमच्या घराचा वरचा मजला मी भाड्याने दिला होता, एका अमेरिकन खलाशाला. रॉय त्याचं नाव. तो पाणबुडीवर असायचा. वर राहायची ती त्याची बायको ओपल आणि दहा महिन्यांचं बाळ.

ओपल केंटकीच्या डोंगरातली, बावीस वर्षांची. मला 'मॅम' म्हणायची. पहिल्या दिवशी मी मागे वळून बघितलं होतं, कोण थोर बाई आली म्हणून. तिची बाळगाडी निळीभोर, चकचकीत पट्ट्यांची, जवळजवळ मोटारीएवढी. ती जिन्याखाली ठेवली की मला माझ्याच घरात आडवं होऊन शिरावं लागायचं. सगळं गाव ती गाडी ओळखायचं.

अमेरिकनांबद्दल आमच्या गल्लीत दोन मतं होती, आणि दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून एका दमात निघायची. पहिलं, हे लोक आपल्याला मारणार. दुसरं, यांना सगळं आधी कळतं. त्यांचे दात सरळ, त्यांच्या मोटारी आमच्या बोळांत मावत नाहीत, बसच्या थांब्यावर ते अनोळखी माणसाला स्वतःच्या आईच्या शस्त्रक्रियेची हकीकत सांगतात. हसू यायचं. पण त्यांच्या घरात थंडीतही उबेनं खिडक्यांवर वाफ धरायची, आणि आम्ही दोन लोकरी अंगरखे घालून त्या खिडक्यांकडे बघायचो.

शेजारची जेसी गॅलब्रेथ तर उघडच बोलायची. "दोन्ही युद्धांत हे उशिरा आले, मर्डीना. त्याचं वाईट वाटलंय त्यांना. या खेपेला सुरुवातीपासून हजर राहायचंय."

त्या बुधवारी संध्याकाळी ती मागच्या भिंतीवर कोपरं टेकून उभी राहिली आणि माझ्या अंगणाकडे बघत म्हणाली, "तुझ्या वरच्या बाईचे लंगोट आहेत अजून दोरीवर."

"मग?"

"मग काय. जहाजं जाणारच. लढायची ती. पण स्वतःच्या बायकापोरांना हे लोक इथे मरायला ठेवणार नाहीत. विमान येईल, घेऊन जाईल. ज्या सकाळी त्या दोरीवर लंगोट नसतील, त्या सकाळी समज, आपलं झालं."

मी तिला म्हटलं, काहीतरीच बोलतेस. पण रात्री अंथरुणावर पडले तेव्हा कानात तेच. आणि गुरुवारी पहाटे उठून आधी काय केलं असेल, तर पडदा सरकवून दोरी बघितली. बारा लंगोट. मी देवाचे आभार मानले. आयुष्यात लंगोटांसाठी आभार मानायची ती पहिलीच खेप.

शुक्रवारपर्यंत गल्लीतली निम्मी माणसं काही ना काही निमित्त काढून माझ्या मागच्या अंगणावरून जाऊ लागली. पोस्टमन पत्र नसताना आला. जेसीच्या नवऱ्याने, ड्युगल्डने, आपली जुनी मोटार धुऊन, टाकी भरून दारात लावून ठेवली. उत्तरेला, डोंगरापलीकडे त्याच्या भावाची मेंढ्यांची वाडी होती. तिथवर बाँबची झळ पोचणार नाही, असं त्याचं गणित.

"एक जागा आहे," तो मला हळूच म्हणाला. "मागे जेसीची आई आणि सामान. एक लहान माणूस मावेल. फ्लोराला देतेस?"

"मी विचारते कर्स्टीला."

शनिवारी कोपऱ्यावरच्या टेलिफोनच्या खोक्यातून मी इस्पितळात फोन लावला. कर्स्टी दमलेली होती. मागे कोणीतरी भांडी आपटत होतं.

"आई, मला वॉर्ड सोडता येत नाही," ती म्हणाली. "ग्लासगोत तरी काय वेगळं आहे? तुला जे बरोबर वाटेल ते कर."

"मला काय बरोबर वाटणार, पोरी?"

"तू ठरव. माझ्याच्याने नाही ठरवत."

पोर दिली आणि काहीच झालं नाही, तर परक्यांच्या वाडीवर आठवडाभर रडून परत येईल, एवढंच. पण पोर दिली आणि झालं, तर आई नाही, आजी नाही, असं ते लेकरू त्या डोंगरात उरायचं. आणि नाही दिली तर. यापुढे माझं मन जायचंच नाही. तिथे आलं की घोड्यासारखं बिथरून मागे फिरायचं.

त्या दुपारी मी वर ओपलकडे गेले. ताटलीत गरम स्कोन, आमच्याकडचे मऊ गोल पाव, घेतले होते. खरं सांगायचं तर मी बघायला गेले होते, बांधाबांध चाललीय का. बांधाबांध नव्हती. बाळ जमिनीवर लोळत होतं, फ्लोरा त्याला चमच्याने खुळखुळा वाजवून दाखवत होती, आणि ओपल खिडकीशी उभी होती. डोळे सुजलेले.

"रॉयचं काही कळलं?" मी विचारलं.

"मंगळवारी रात्री पिशवी घेऊन गेला, मॅम. म्हणाला, येईन तेव्हा येईन. मला कोणी काही सांगत नाही." तिने नाक पुसलं. "पण मी तुमच्याकडे बघते ना. तुम्ही रोज त्याच वेळी राख टाकता, पायरी घासता. बेकरीत सगळ्या हवेबद्दल बोलतात. मी म्हणते, ही मंडळी दोन युद्धं बघितलेली. यांना कळलं असतं. ही घाबरली नाहीत, म्हणजे घाबरण्यासारखं नसेल."

मी स्कोनला लोणी लावून दिलं.

मग तीच म्हणाली, "घरी असते तर उद्या देवळात गेले असते. आमचे पाळक आठवडाभर खाणीत कोळसा काढायचे, रविवारी उभे राहायचे. सुरुवात साध्या बोलण्याने. मग आवाज हळूहळू चढायचा. शेवटी ते बोलणं राहायचंच नाही, मॅम. गाणं व्हायचं. आणि स्तोत्राची ओळ एकजण आधी म्हणायचा, मग सगळे मागून, लाटेसारखे. पुस्तकं नव्हती ना आमच्यात पुरेशी."

माझा चहा हातात निवला. मी हेब्रिडीज बेटांवर वाढले. आमचे म्हातारे पाळक गेलिकमधून, आमच्या बेटांच्या जुन्या भाषेतून, बोलायला लागले की पहिला पाव तास ते बोलणंच असायचं. मग कुठेतरी, कुठे ते कधीच कळायचं नाही, आवाज उचलला जायचा, शब्दांना चाल लागायची, आणि ते प्रवचन देवळाच्या छपरापर्यंत गात जायचं. माझे वडील, कोणापुढे न वाकणारे, त्या वेळी टोपी हातात चुरगळत बसायचे. त्या आवाजासाठी मी आजही पावसात चार मैल चालेन. आणि तोच आवाज समुद्रापलीकडे, खाणीतल्या माणसाच्या गळ्यात होता, आणि ही पोरगी तो ऐकत वाढली होती. या दिवसांत मला हे असं काही ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

'उद्या चल माझ्याबरोबर,' असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. आमच्या मंडळीत जो तो पिढ्यान्‌पिढ्या आपल्या बाकावर बसतो. नवीन माणूस आलं की माना वळत नाहीत, पण कान वळतात. त्यातून ही रविवारीही लंगोट वाळत घालणारी. प्रभूच्या दिवशी घरचं काम करणं आमच्यात पाप, तरी अख्ख्या गल्लीत एक दोरी भरलेली असायची, ती हिची. आठ महिने मी दर रविवारी मागचा पडदा ओढून घेत होते. तिला एकदाही बोलले नव्हते. तसं बोलणं आमच्यात असभ्य समजतात.

"मी इथे काही चुकतेय का, मॅम?" मी निघताना तिने विचारलं. "लोक माझ्याकडे बघतात. या आठवड्यात तर फारच."

"छे, काही नाही," मी म्हटलं. "काहीच नाही." आणि खाली आले. फ्लोरा जेवायच्या वेळेपर्यंत वरच राहिली.

रविवारी सकाळी मी पडदा ओढायला गेले. ओढायलाच, आठ महिन्यांची सवय. आणि हात दांडीवर थांबला.

दोरी रिकामी होती.

चिमटेसुद्धा नव्हते. दोरी वाऱ्याने जराशी हलत होती, एवढंच.

मी जिन्याने वर गेले. दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. आत काही हललं नाही. खाली येऊन जिन्याखाली बघितलं, तर बाळगाडी नव्हती. आठ महिन्यांत पहिल्यांदा इतक्या सकाळी ती जागा मोकळी होती आणि मला सरळ उभं राहता येत होतं. मी भिंतीला धरून उभी राहिले. ते आले, घेऊन गेले. मी झोपेत असताना. तिने दारही वाजवलं नाही. आणि का वाजवावं? मी तिची कोण?

जेसीला सांगावं लागलं नाही. तिनेही दोरी बघितली होती. ती कोट, हातमोजे, टोपी, सगळं घालून माझ्या स्वयंपाकघरात उभी होती, आणि तिचं तोंड पिठासारखं पांढरं पडलं होतं.

"बघितलंस?"

"बघितलं."

"ड्युगल्ड इंजिन चालू करतोय. आई बसलीय मागे. मर्डीना, पोरीचं काय ते आत्ता सांग."

"आज प्रभूचा दिवस आहे, जेसी. मी कधी रविवारी मोटारीत पाय ठेवला नाही."

"पाय तुझा नाही ठेवायचा, तिचा ठेवायचा." मग तिचा आवाज फाटला. "मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं मला माहीत नाही. मला विचारू नकोस. फक्त लवकर कर."

मी फ्लोराला कोट घातला. एक गुंडी चुकली, ती तशीच राहू दिली. पिशवीत दोन फ्रॉक, तिच्या आईचा फोटो, थोडे ओटचे केक. पोर माझ्याकडे बघत होती.

"आजी, आपण देवळात जाणार ना?"

"तू ड्युगल्डकाकांबरोबर जायचंस. थोडे दिवस. मेंढ्या आहेत तिथे."

"आज रविवार आहे."

"माहीत आहे मला."

"ओपलला मी सांगितलं रविवारी काही काही करायचं नसतं, आणि तू मला मोटारीत—"

"गप्प बस आता," मी म्हटलं. मी तिच्यावर कधी ओरडत नसे. तिचा खालचा ओठ बाहेर आला. ती काय म्हणाली हे माझ्या कानावर पडलं होतं, पण आत शिरलं नव्हतं. तेव्हा माझ्या आत काहीच शिरत नव्हतं.

उत्तरेचा रस्ता एकच, किनाऱ्याने, आमच्या देवळावरून. मी म्हटलं, देवळापर्यंत मी येते, तिथे मला उतरवा. मरायचं तर बाकावर मरू. फ्लोराला मांडीवर घेतलं. जेसीची आई, ऐंशीच्या पुढची, शेजारी पिंजऱ्यातला पोपट मांडीवर घेऊन बसली होती आणि मला विचारत होती, "सहलीला एवढी घाई कशाला गं?" उजवीकडे खाडी होती, चकाकणारी, सपाट, मोकळी. ड्युगल्ड एकदाही तिकडे बघत नव्हता. मध्येच मान वाकडी करून आभाळाकडे बघत होता. फ्लोराचं काळीज कोटातून माझ्या तळहाताला लागत होतं. मी मनात म्हणत होते, देवा, मी चुकत असेन तर आत्ता सांग. देवळाच्या पुढे मला ऐकू येणार नाही.

वळण आलं आणि जेसी म्हणाली, "थांब."

"अजून देऊळ यायचंय."

"थांब म्हणते ना, ड्युगल्ड."

देवळाच्या पायऱ्यांशी, आमच्या काळ्या करड्या दगडी देवळाच्या पुढ्यात, निळीभोर बाळगाडी उभी होती. चाकाखाली कोणीतरी दगड लावून ठेवला होता. दांडीला लोकरी पांघरूण बांधलेलं. आमच्या गावात तशी दुसरी गाडी नव्हती, अख्ख्या परगण्यात नव्हती.

इंजिन चालूच होतं. आत स्तोत्र सुरू झालेलं. आमच्या मंडळीतला स्तोत्र सांगणारा म्हातारा हेक्टर ओळ सांगत होता, एकट्याने, उंच आवाजात, आणि मग मंडळी त्याच्यामागून उचलत होती, प्रत्येकजण आपापल्या चालीने, जसं पाणी खडकांतून आपापल्या वाटेने चढतं. जेसी गॅलब्रेथने काच खाली केली. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते तिने पुसलं नाही.

"म्हणजे," ड्युगल्ड म्हणाला, "ते गेले नाहीत?"

"डोळे आहेत ना तुला?"

"मग मी काय करू? जाऊ की थांबू?"

जेसीने पुन्हा त्या गाडीकडे बघितलं. "इंजिन बंद कर," ती म्हणाली. "रविवारचा आवाज काय करतोयस देवळापुढे."

मी दार उघडलं, आधी फ्लोराला उतरवलं, मग तिची पिशवी. पायरीवर मी पिशवी खाली ठेवली आणि ती पुन्हा उचलायला हात गेला नाही.

ओपल माझ्या बाकावर बसली होती. तिला काय माहीत कोणाचा बाक. डोक्याला टोपी हवी हे फ्लोराने सांगितलेलं. म्हणून तिने नवऱ्याची आरमारातली गडद निळी लोकरी टोपी कानांपर्यंत ओढली होती, आणि कोणी हसत नव्हतं. बाळ कुशीत झोपलेलं. तिला गेलिकचा एक शब्द येत नव्हता, पण ती गात होती. हेक्टरने ओळ सांगितली की ती थांबायची, बरोबर तेवढंच थांबायची, आणि लाट उठली की तिच्याबरोबर उठायची. फक्त सूर. पुढच्या बाकावरच्या माना वळल्या नव्हत्या. कान मात्र वळलेले मला दिसत होते.

मी आत सरकले. तिने माझा हात पकडला. तिची बोटं बर्फ.

"मॅम," ती कुजबुजली, "सकाळी सातला मी शेजारच्यांना मोटारीत सामान भरताना बघितलं. मला वाटलं, तुम्हाला कळलंय. तुम्ही सगळे चाललाय आणि मला कोणी सांगत नाही. मग म्हटलं, देवळात जाऊन बसू. इथे कोणी आलं तर... आणि माणसं आली. एकेक करून आली." तिने बाळाला जवळ ओढलं. "तुम्हाला काही कळलंय का? खरं सांगा."

आठ महिन्यांत मी तिला एक गोष्ट खरी सांगितली नव्हती.

"तुझी दोरी रिकामी दिसली," मी म्हटलं. "म्हणून पळत होतो."

तिला ते कळायला वेळ लागला. मग तिने फ्लोराकडे पाहिलं, फ्लोराने बाकाखाली आपल्या बुटांकडे पाहिलं. काल वर बसून पोरीनेच तिला सांगितलं होतं, रविवारी कपडे वाळत घालायचे नसतात. ओपलच्या तोंडून जे निघालं ते हसू होतं की रडू, मी सांगू शकत नाही. तिने टोपी तोंडावर दाबली. मागून जेसी, तिची आई आणि ड्युगल्ड आले आणि शेवटच्या बाकावर बसले, पिंजऱ्यासकट.

पाळक उभे राहिले. सुरुवात बोलण्याने केली, नेहमीप्रमाणे. मी ऐकत होते आणि ऐकत नव्हते. मध्येच बाहेर कुठे मोठा आवाज होतोय का तिकडे कान जात होता. भीती गेली नव्हती. खाडी रिकामीच होती, रॉय कुठल्या तरी काळ्या पाण्याखाली होता, आणि काल जितकं मरण जवळ होतं तितकंच आजही होतं. मग कुठेतरी, कुठे ते याही वेळी कळलं नाही, पाळकांचा आवाज उचलला गेला. शब्दांना चाल लागली. ओपलच्या अंगावर सर्रकन काटा आला, तो मला तिच्या दंडावर दिसला. तिने डोळे मिटले. "असंच," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. "अगदी असंच, मॅम." आणि मीही मिटले.

त्या संध्याकाळी जेसीने माझं दार वाजवलं. प्रभूच्या दिवशी मी रेडिओ लावत नाही हे तिला माहीत होतं.

"बातमी आहे," ती दाराबाहेरूनच म्हणाली. "सांगू?"

"उद्या सांग."

"मर्डीना, वेडी आहेस का तू?"

"तुझ्या आवाजावरून वाईट नाही असं वाटतंय. बाकीचं उद्या."

तरीही झोप लागली नाही. फ्लोरा माझ्या पाठीला पाठ लावून झोपली होती आणि मी तिचे श्वास मोजत पडले होते. सोमवारी उजाडताना उठले, पडदा सरकवला. ओपल गवतात अनवाणी उभी होती, तोंडात चिमटे धरून, आणि वाऱ्यावर एकेक लंगोट पसरत होती. दोन दिवसांचे साचलेले. भिंतीपलीकडे जेसी कोट पांघरून उभी होती आणि मोठ्याने मोजत होती.

"एकवीस," ती मला ओरडून म्हणाली. "रशियन मागे सरकलेत. आणि दोरी पुरणार नाही. तुझी दे."

मी माझी दोरी घेऊन बाहेर गेले.